डिस्कताईच्या प्रती

सर्व्हरच्या कपाटांची देखभाल करणाऱ्या बाईला सगळे डिस्कताई म्हणत. तिचे नियम साधे होते. प्रत्येक माहितीच्या तीन प्रती ठेवायच्या, त्याही वेगवेगळ्या कपाटांत, म्हणजे एका कपाटाची वीज गेली तरी बाकीच्या शाबूत. आणि एक प्रत वेगळंच सांगू लागली, तर दोघींचं खरं मानून तिसरी डिस्क काढून टाकायची.

साहेबांना हे धोरण इतकं आवडलं की त्यांनी ते केबिनच्या भिंतीवर लावलं.

धाकट्या बहिणीचं बाळंतपण जवळ आलं, डॉक्टरांनी गुरुवारची तारीख दिली, तेव्हा डिस्कताईने रजा मागितली. कळा सुरू होतील तेव्हा तुझ्याजवळ असेन, असा तिने बहिणीला शब्द दिला होता.

"घ्या की रजा," साहेब म्हणाले. "पण मॅडम, तुमच्या प्रती कुठायत?"

"माझ्या?"

"कुठलीच गोष्ट एका ठिकाणी ठेवायची नाही, हे तुमचंच ना? तुम्ही तर एकच आहात. प्रती करा, तपासणीत तिघांचं जुळलं की खुशाल जा."

मग तिसऱ्या मजल्यावरचे नेटवर्कवाले दादा आणि तळमजल्यावरच्या बिलांच्या काकू तिच्या प्रती झाल्या. रोज संध्याकाळी इंटरकॉमवरून ती त्यांना सांगत बसे: कुठली डिस्क तापते, कुठल्या अलार्मकडे काणाडोळा करायचा. काय ठेवायचं आणि काय वगळायचं याबद्दल धोरणात काहीच नसल्यामुळे ती सगळंच सांगे. दादा तिच्यासारखे बिनसाखरेचा चहा पिऊ लागले. काकू तिच्या आईला फोन करून "अगं आई, गोळी घेतलीस का?" विचारू लागल्या. त्या आईपेक्षा वयाने मोठ्या होत्या.

तपासणीच्या सकाळी बहिणीचा फोन आला. "ताई, डॉक्टर म्हणतात आता थांबायचं नाही. आजच. येतेयस ना?"

"निघालेच!"

ती केबिनमध्ये धावली. साहेबांनी शांतपणे इंटरकॉमचं बटण दाबलं.

"बहिणीचं बाळ कधी?"

"गुरुवारी," दादा म्हणाले.

"गुरुवारी, अगदी पक्कं," काकू म्हणाल्या.

"आज!" डिस्कताई म्हणाली. "आत्ताच फोन आला. त्यांना सांगायला वेळच..."

साहेबांचा चेहरा उतरला. "अरेरे. बिघडलात तुम्ही."

"साहेब, माझी बहीण आहे ती!"

"आमचीही आहे," इंटरकॉमवर काकूंचा दुखावलेला आवाज आला.

"दोघांचं जुळतंय," साहेब म्हणाले. "आता काय करायचं, तुम्हीच सांगा."

डिस्कताई प्रामाणिक होती. "खराब प्रत बाहेर काढायची," ती मान खाली घालून म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं. तिने झटकन मान वर केली. "ताबडतोब, साहेब! एक मिनिटही आत ठेवायची नाही!"

वॉचमनने तिला सांभाळून, कुठे आदळू न देता फाटकाबाहेर नेलं. "टॅक्सी करा," तो म्हणाला. "बिघडलेल्या माणसाने चालू नये." मग रिकाम्या जागी त्यालाच बसवण्यात आलं आणि दादांनी इंटरकॉमवर पहिल्यापासून सुरुवात केली, "हे बघ, आपल्याला एक धाकटी बहीण आहे..."

डिस्कताई वेळेत पोचली. बहिणीने तिचा हात इतका आवळला की बोटं बधिर झाली. संध्याकाळी मुलगी झाली.

"रजा दिली त्यांनी?" बहिणीने विचारलं.

"छे. काढून टाकलं."

"नोकरीवरून?"

"नाही गं, कपाटातून."

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. "मॅडम, वॉचमनही गुरुवारच म्हणतोय. आता तिघं झाले."

"साहेब, बाळ झालं."

"खराब प्रतीवर विश्वास कसा ठेवू?"

बहिणीने फोन हिसकावला. "झालंय हो! मलाच झालंय!"

"मी डोळ्यांनी पाहिलं," आई मागून ओरडली.

"वजन मी केलं," नर्स म्हणाली. "आता फोन ठेवा."

साहेबांनी फोनवरच मोजलं, एक, दोन, तीन. तिघींचं तंतोतंत जुळत होतं.

"तुम्ही वेगवेगळ्या खोल्यांत आहात का?" त्यांनी आशेने विचारलं.

"एकाच."

"मग ती एकच प्रत धरावी लागते," साहेब हळहळले. "गुरुवारी बोलू."

डिस्कताईने फोन बंद केला. धोरणाप्रमाणे अजून जन्मलेली नसलेली भाची तिच्या मांडीवर जांभई देत होती.