मास्तरांच्या नावाचे दोनच हात

निजामाच्या हैदराबादेहून आलेल्या तपासणीसाहेबांनी धाराशिवच्या शाळेत नवंच खूळ काढलं. मास्तरांना बाहेर घालवून दार लोटून घेतलं आणि कोण मास्तर कसा, हे मॅट्रिकच्या पोरांनाच विचारलं. पोरांनी हात वर करायचे.

इतिहासवाल्या उत्तरेश्वर मास्तरांच्या नावाला साऱ्या वर्गानं हात वर केले. गणिताच्या महांतप्पा मास्तरांच्या नावाला दोनच हात उठले. साहेबांनी तिथंच हुकूम दिला, पुढच्या महिन्यापासून महांतप्पांनी पाचवीला शिकवावं.

त्या दिवसापासून महांतप्पांच्या डोक्यात किडा वळवळू लागला. तास घेताना ते फळ्यापेक्षा पोरांची तोंडंच जास्त बघत. कोण खाली बघतंय? कोण हसलं? शाळेत उर्दूतूनच शिकवायचा सरकारी हुकूम होता, पण पोरांना उर्दूत कळलं नाही की ते गणित हळूच मराठीत सांगत. त्याची चहाडी कुणी साहेबांकडं केली असेल का? उत्तरेश्वर परीक्षेआधी सवाल फोडतो, अशी कुजबूज होती. त्यानंच पोरं फितवली असतील.

"तुमी काय चारलं हो पोरांना?" एकदा त्यांनी तोंडावरच विचारलं.

उत्तरेश्वर दचकले. "म्या? मला तर माझंच भ्या वाटत होतं. लढायांच्या गोष्टी सांगतो झालं. सनावळ्या विचारल्या असत्या तर एकाला आल्या नसत्या."

महांतप्पांना ते खरं वाटलं नाही. घरी गौराबाई म्हणाल्या, "आवो, जेवताना तरी कपाळावरची आठी काढा." त्यांनी बायकोकडंही संशयानं पाहिलं. हिच्या कानावर काय आलंय?

सगळ्यात मोठा संशय शिवलिंगावर होता. वर्गातला पहिला नंबर. त्याला त्यांनी घरी बोलावून, एक पै न घेता शिकवलं होतं. निदान त्याचा तरी हात उठला असेल ना? बाजारच्या दिवशी तो बापाच्या आडतीवर ज्वारी मापताना दिसला, तसे मास्तर थेट जाऊन उभे राहिले.

"शिवलिंगा, खरं सांग. तुझा हात वर होता का?"

पोरानं माप खाली ठेवलं. "न्हाय, गुरुजी."

"का? काय कमी केलं मी?"

"साहेबांनी विचारलं, कुणाचा तास आवडतो. तुमच्या तासाला कधी उठवताल ह्याचंच भ्या वाटतं, गुरुजी. म्या खोटं कसं बोलू? कुणामुळं गणित येतं असं विचारलं असतं, तर दोन्ही हात वर केले असते."

मास्तरांनी हळूच विचारलं, "मग ते दोघं कोण?"

"कोंडीराम आन् बंडप्पा."

मास्तरांना आधी चेष्टाच वाटली. मागच्या बाकावरचे ते दोघे. यांच्या डोक्यात काही शिरायचं नाही, असं ठरवून त्यांनी त्या दोघांना वर्षभर एक प्रश्न विचारला नव्हता.

"त्यांना का आवडतो माझा तास?"

शिवलिंग चुळबुळला. "कोंडीराम म्हणतो, या तासाला निवांत बसाया मिळतं. कुणी उठवीत न्हाय."

मास्तर बाजारातून काही न घेताच परतले. साहेबांनी घेतलेला पोरांचा कौल खोटा होता, असं ते रस्ताभर स्वतःला बजावत होते. पण मग ते दोन हातही खोटेच. आणि ते तर आपल्या बाजूचे. उत्तरेश्वरवर, शिवलिंगावर राग धरला होता, तो आता कुठं टेकवावा हेच त्यांना कळेना.

महिना सरायला थोडे दिवस होते. दुसऱ्या दिवशी तास सुरू झाला तसं त्यांनी मागच्या बाकाकडं पाहिलं.

"कोंडीराम, फळ्यापाशी ये."

कोंडीरामचं तोंड उतरलं. तो बंडप्पाकडं बघत कसाबसा उठला. खडू हातात घेऊन तो फळ्यापुढं नुसताच उभा राहिला. वर्ग खुसखुसला.

"गप बसा रे," मास्तर म्हणाले. आणि कोंडीरामच्या शेजारी जाऊन, दाराकडं न बघता, मराठीतच म्हणाले, "पहिली ओळ मी सांगतो. तू लिही. चुकलं तर पुसू."