कारभाऱ्याचं पोट

वच्छलाबाईंच्या कुत्र्याचं नाव कारभारी होतं, आणि त्या नावापायी जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला तेव्हा पहिल्याच वाक्याला घोळ झाला.

"मॅडम, आमच्या कारभाऱ्याले कितीक दिवसापासून धड संडास होऊन नाई राह्यली. बसते, जोर लावते, कण्हते, अन् तसाच उठते."

"वय काय त्यांचं?" पलीकडून डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बुढा झाला आता. दात पडले. मागच्या पायानं लंगडते."

"आजी, त्यांना मोठ्या दवाखान्यात न्या. इथे आम्ही जनावरं तपासतो."

"जनावरच हाये ना बाई तो! शेपूट हाये त्याले!"

ओसरीवर चहा पीत बसलेल्या वच्छलाबाईंच्या नवऱ्याला, बापूरावांना, असा ठसका लागला की बशीतला चहा धोतरावर सांडला. नाव त्यांनीच ठेवलं होतं. पिल्लू असताना हा गडी वांग्याच्या कॅरेटवर चढून बसायचा आणि तोडणीच्या बायांवर अशी नजर ठेवायचा, की शेत जणू त्याच्याच नावावर आहे.

बोरगाव मेघेची घरं जिथे संपतात आणि वाफे सुरू होतात, तिथे बापूराव आणि त्यांचा धाकटा भाऊ ज्ञानेश्वर यांची घरं एकाच आवारात आहेत. आवाराच्या मधोमध तारेचं कुंपण. भावाभावांचं भांडण कधीच नव्हतं. ते आजही एकाच मोटरीवर पाणी घेतात आणि एकाच डबीतला तंबाखू-सुपारीचा खर्रा खातात. कुंपण जावांचं होतं. गुजरीत, म्हणजे भाजीबाजारात, शेजारी शेजारी बसायच्या दोघी. एके दिवशी धाकट्या सरितानं वच्छलाबाईंच्या बांधलेल्या गिऱ्हाइकाला पालकावर मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, फुकट दिला. वच्छलाबाई बोलल्या, सरिता त्यापेक्षा जास्त बोलली, आणि अख्ख्या गुजरीनं वजनकाटे खाली ठेवून ऐकलं. तेव्हापासून अबोला. आधी चुली वेगळ्या झाल्या, मग तार आली.

कारभाऱ्याला मात्र हे कोणी कळवलं नाही. तारेखाली एक खळगा करून तो दोन्हीकडे जेवत राहिला.

बापूरावांनी त्याला दवाखान्यात नेलं. वच्छलाबाई सोबत गेल्याच. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, हातमोजा घालून आतूनही तपासलं. कारभाऱ्यानं हा प्रकार आयुष्यभर विसरणार नाही अशा नजरेनं मालकाकडे पाहिलं.

"हाडं खातो का हा?"

"आमच्या घरी मटणच नाई शिजत," वच्छलाबाई म्हणाल्या.

"मग दुसरीकडे कुठे तरी खातो. आत हाडांचा चुरा आहे, दगडासारखा. त्यात पाणी कमी, सुकी भाकर. शिवाय कंबर दुखते, म्हणून नीट बसताच येत नाही त्याला. म्हातारपणी असं होतं." त्यांनी पातळ औषध आणि कंबरेसाठी गोळ्या दिल्या. "भाकर कुस्करून भरपूर पाण्यात द्या. लाल कोहळं उकडून थोडं द्या, मीठमसाला नको. सकाळ-संध्याकाळ हळूहळू फिरवा. परवापर्यंत मोकळा झाला नाही तर परत आणा. आणि एक सांगते, घरचं काहीही पाजू नका."

दुसरीकडे कुठे, हे वच्छलाबाईंना विचारायची गरज नव्हती. रविवारी ज्ञानेश्वरकडच्या मटणाचा वास तारेला थोडाच अडतो! पण सरिताला सांगायचं कसं? बोलायचं तर नव्हतं. घरी आल्या आल्या त्या कुंपणाजवळ गेल्या, पदर खोचला आणि मोठ्यानं म्हणाल्या,

"कारभाऱ्या, डॉक्टरीण काय म्हने ऐकलं ना? हाडं बंद! ज्याले अक्कल नाई तो हाडं टाकते, अन् भोगा लागते तुले!"

पलीकडे सरिता स्वयंपाकाचा गंज घासत होती. तिनं त्या पातेल्यालाच उत्तर दिलं.

"कोणाच्या घरची सुकी भाकर खाऊन पोटाचा दगड झाला, थे नाई पाहत लोकं."

वच्छलाबाईंचं डोकं तापलं. त्या तणतणत घरात गेल्या, आणि घरचं काही पाजू नका हे सांगायचं त्या रागात राहूनच गेलं.

संध्याकाळी त्यांनी कोहळं उकडलं, कुस्करलं, त्यात औषध कालवलं आणि कारभाऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत खाऊ घातलं. त्यानं ताटली चाटून स्वच्छ केली आणि सवयीप्रमाणे तारेखालून पलीकडे निघून गेला. वच्छलाबाईंनी ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. जाऊ दे मेला.

सकाळी अंगणात कारभारी नव्हता. पोत्यावर नव्हता, मोटरीजवळ नव्हता, कॅरेटांच्या मागेही नव्हता.  बापूरावांना न सांगताच वच्छलाबाई वांग्याच्या वाफ्यांतून मागच्या तुरीकडे निघाल्या. तूर फुलावर आली होती, दव पडून लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं झालं. बांधावर चढल्या तर समोरच्या मोकळ्या पट्टीत कारभारी! एक चक्कर मारत होता. मग उलटी एक चक्कर. मग त्यानं पाठीची कमान केली.

वच्छलाबाईंनी श्वास रोखला. कारभारी भारी लाजाळू. कोणी पाहतंय हे कळलं तर उठून चालायला लागायचा. बांधावर लपण्याजोगं एकच बाभळीचं झाड होतं. त्या वाकून, पावलं न वाजवता त्याच्याआड गेल्या.

तिथे आधीच सरिता उभी होती. हातात पाण्याचा गडवा, पायात चपला नाहीत, केस मोकळेच. घरातून पळतच आलेली दिसत होती.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. एरवी एकीनं तरी मान उडवून वाट धरली असती. पण हलायची सोय नव्हती. काटक्या वाजल्या असत्या. मग दोघी खांद्याला खांदा लावून बाभळीआडून पाहत राहिल्या. कारभाऱ्याचे मागचे पाय थरथरले. एकदा तो खाली बसतोसा वाटला, तशी सरितानं नकळत वच्छलाबाईंचं मनगट धरलं. त्यानं पुन्हा जोर लावला. त्याच्याबरोबर या दोघींनीही लावला असावा, कारण दोघींचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"झाली!" सरिता ओरडली.

"झाली वं बाई, झाली!" वच्छलाबाई त्याहून मोठ्यानं ओरडल्या.

कारभारी दचकला, पण आता त्याला फरक पडत नव्हता. तो चार पावलं पुढे गेला आणि पुन्हा बसला.

"आणखी झाली," सरिता कौतुकानं म्हणाली.

मग तो तुरीच्या कडेला बसला. मग बांधाखाली. आता जे होत होतं ते नुसतं पाणी होतं. दोघींच्या चेहऱ्यावरचं हसू उतरत गेलं.

"तू काई देल्लं का त्याले?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"एरंडेल. दुधात. थोडसंच." सरितानं मान खाली घातली. "कण्हत होता हो बाई. पाहवलं नाई मले. तुमी?"

"औषध. कोहळ्यात."

कारभारी येऊन दोघींच्या मधे आडवा झाला. सरितानं गडवा पुढे केला. त्यानं दोन घोट घेतले आणि मान टाकली.

"गाडी काढ," वच्छलाबाई म्हणाल्या.

सरिताच्या स्कूटीवर जन्मात बसणार नाही असं त्यांनी चारचौघांत सांगितलेलं होतं. त्या बसल्या. मांडीवर जुन्या चादरीत कारभारी. बापूराव आणि ज्ञानेश्वर फाटकात खर्रा घोटत उभे होते. त्यांनी दोघींना एका गाडीवर जाताना पाहिलं आणि घोटायचं थांबले. वाटेत कारभाऱ्यानं एकदा वेळेवर गाडी थांबवली. दुसऱ्यांदा सांगायला त्याला उसंत मिळाली नाही.

"बाई, लुगडं गेलं तुमचं."

"लुगड्याचं पाहू मंग. तू समोर पाह्य!"

डॉक्टरीणबाईंनी कारभाऱ्याला सलाईन लावली, पोटात काय काय गेलं ते ऐकलं आणि मग विचारलं, "एरंडेल कोणी पाजलं? मी नको म्हटलं होतं ना?"

सरिता भिंतीवरच्या म्हशीच्या चित्राकडे पाहू लागली. ज्या घडीची वाट वच्छलाबाईंनी एवढे दिवस पाहिली होती, ती अशी आयती समोर उभी होती. त्यांनी तोंड उघडलं.

"आमी देल्लं, मॅडम. चुकलं."

"दोघींनी?"

"एकाच घरचं हाये ना कुत्रं."

मग दोघींनी बरोबरीनं बोलणी खाल्ली. म्हातारं कुत्रं लवकर सुकतं, जुलाबानं जीवही जाऊ शकतो, आता दोन दिवस औषध बंद, नंतर फोनवर विचारूनच द्यायचं. दोघी शाळेतल्या पोरींसारख्या हो हो करत राहिल्या.

कारभारी सावरला. त्याचा आजार जुना, तो जाणारा नव्हता. पण सांभाळून घेता येणारा होता. सकाळी वच्छलाबाई त्याला बांधावर नेत, संध्याकाळी सरिता. कोहळं सरिता उकडायची. हाडं ज्ञानेश्वर आता लांब खड्ड्यात पुरून येई, बायकोच्या देखरेखीखाली. आणि दोघी जावा बोलू लागल्या, पण एकाच विषयावर.

"झाली?" तारेपलीकडून आवाज येई.

"झाली. बांधावर."

"कशी?"

"कालच्यापरीस कडक. पाणी वाढवजो थोडं."

बस्स. त्यापुढे एक शब्द नाही. दोघी आपापल्या कामाला. एकदा तर सरितानं मोबाईलवर फोटोच पाठवला. बापूराव तेव्हा पिठलं-भाकर खात होते. त्यांनी ताट बाजूला सारलं.

"जेवताना तरी नोको पाहू वं!"

"काऊन? चांगली तर हाये," वच्छलाबाई म्हणाल्या आणि चष्मा लावून पुन्हा पाहिलं.

असंच चाललं. मग एका सकाळी नेहमीची विचारपूस झाली, तरी सरिता तारेजवळून हलली नाही.

"आणखी काय?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"काई नाई." तिनं तारेवरचं दव बोटानं निपटलं. "थंडी पडली, बाई."

"हो. पडली खरी."

वच्छलाबाई घरात आल्या, चुलीपुढे बसल्या, लाकूड आत सरकवलं.  मग बापूरावांना म्हणाल्या,

"सरिता म्हने, थंडी पडली."

बापूरावांनी खर्ऱ्याची डबी उघडली होती, ती तशीच बंद केली. "अस्सं? मंग तू काय म्हनली?"

"म्हनलं, पडली."

"बरं केलं," बापूराव म्हणाले, आणि भावाला सांगायला लगबगीनं बाहेर पडले.