जाग्या व्हॉल्व्हचं माप

बेटावरच्या हवामान केंद्रातून नवरा रोज संध्याकाळी रेडिओवर हाक मारायचा. मला ती ऐकू यायची, माझी मात्र त्याला पोचत नव्हती. तिथला फोन बंद पडला त्याच्या आदल्या दिवशी मी त्याला सांगितलं होतं, की बाळाला सडकून ताप आहे. ताप उतरला, पोरगी घरभर रांगू लागली, आणि हा आपला विचारतोय, "कशी आहे ती? कुणी ऐकतंय का?" माइकवर ओरडून माझा घसा बसला.

माझ्या छोट्या रेडिओचा आवाज तिथवर जाईना, म्हणून सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, स्वतः बांधलेला शक्ती वाढवणारा अॅम्प्लिफायर माळ्यावरून उतरवला; आत दिव्यासारखा तापून लाल होणारा काचेचा व्हॉल्व्ह. पण दोघांचं जुळेना. रेडिओने पाठवलेली निम्मी शक्ती अॅम्प्लिफायरच्या दारातूनच परत फिरायची, आणि रेडिओ जिवाच्या भीतीने आपणच आपला जोर कमी करायचा. बाबांनी दाराशी असलेली कॉइल आणि कपॅसिटर मीटर लावून जुळवले. मीटरवर सगळं झकास. बोलायला गेलं की पुन्हा तेच रडगाणं.

"मीटर खोटं बोलत नाही," बाबा म्हणाले.

"म्हणजे माझा रेडिओ खोटारडा?"

"मी तुझ्या माहेरचं काही काढलं का, सूनबाई?"

"काढू नका," बाळाला कडेवर घेतलेल्या सासूबाई म्हणाल्या. "आधी त्या पोराला काहीतरी कळवा."

दुसऱ्या दिवशी माझी नजर नेहमीसारखी निम्मी उंबऱ्याकडे, पोरगी वायरींकडे येते की काय म्हणून. त्या गडबडीत व्हॉल्व्ह तापायच्या आधीच मी माइकचं बटण दाबलं. परतीच्या शक्तीचा काटा शून्यावर निपचित पडून! व्हॉल्व्ह लाल झाल्यावर पुन्हा दाबलं, तर काटा टुणकन वर.

"बाबा, मीटर लावलात तेव्हा व्हॉल्व्ह चालू होता?"

"वेडी का तू? आत अडीच हजार व्होल्ट खेळतात. बंद करूनच लावलं."

"मग तुम्ही झोपलेल्याचं माप घेतलंत. कामाला लागला की त्याचा इम्पीडन्स, विजेला होणारा अडथळा, बदलतो. जागेपणीच जुळवायला हवं."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आणि झाकण उघडून हात कोण घालणार?"

"कुणीही नाही. झाकण बंदच राहील."

बाबांनी प्लग काढला, आतला विजेचा साठा उतरू दिला, झाकण सोडवलं आणि बाहेर नेऊन त्याला कपॅसिटर फिरवायच्या स्क्रूच्या बरोबर वर येईल असं भोक पाडलं. झाकण पुन्हा घट्ट बसवलं. सासूबाईंना बाळासकट पलीकडच्या खोलीत बसवून मी आतून कडी लावायला सांगितली. अँटेनाच्या जागी सगळी शक्ती गिळणारा नकली भार जोडला, रेडिओ अगदी हळू ठेवला आणि लांब प्लॅस्टिकचा स्क्रूड्रायव्हर भोकातून आत सोडला.

"किंचित उजवीकडे. जास्त झालं! मागे ये," काट्यावर डोळे लावून बाबा म्हणाले. "अजून... थांब. हलू नकोस!"

काटा शून्यावर आडवा झाला होता, आणि व्हॉल्व्ह लालबुंद जागा होता.

संध्याकाळी खरी अँटेना जोडली. नवऱ्याची हाक आली. मी बटण दाबलं. "ताप केव्हाच उतरला. पोरगी ठणठणीत आहे, रांगते, सगळं तोंडात घालते. ऐकतोयस का?"

खरखरीतून हुंदका आला की हसू, कळेना. "ऐकतोय! अगं, किंचाळू नकोस, कान फाटले माझे!"

कडी काढून सासूबाई आल्याच होत्या. पोरीने माइकवर झडप घातली आणि जोरात भोंगा पसरला. मी बटण सोडलंच नाही.