अर्थाचं प्रकरण

चांगुणाबाईच्या ओट्यावर दोन तऱ्हेचे पाव्हणे येत: चहा पिऊन जाणारे आणि चहाची वाट बघून जाणारे. तातेराव सर दुसऱ्यांत जमा झाले, ते असे.

सर म्हणजे तिच्या देवानंदचे गाईड. औरंगाबादला तो त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करून राह्यला होता. बीडला निघालेले सर वाटेत शहागडला उतरले आणि बसल्या बसल्या म्हणाले, "प्रबंधातलं शेवटचं प्रकरण काढ. त्याशिवाय मी सही करणार नाही."

"काय लिवलंय त्याच्यात?" चांगुणाबाईनं चुलीपासूनच विचारलं.

देवानंद चाचरला. "आई, एक कण असतो, डोळ्याला न दिसणारा. समोर दोन फटी. कोणत्या फटीतून गेला, ते मोजल्याबिगर ठरत न्हाई, असं गणित सांगतं. मी विचारलंय, ह्या गणिताचा अर्थ काय? मोजायच्या आधी कण कुठं असतो, का नसतोच?"

"अर्थ हा आपला धंदा नाही," सर म्हणाले. "उत्तर बराबर येतं ना? बस. त्यामागं काय आहे, ते विचारायचं नाही."

चांगुणाबाईनं जळतं लाकूड मागं ओढलं. उकळता चहा गप झाला. छप्पन साली धर्म बदलला, तव्हा सासूच्या देव्हाऱ्यातले चांदीचे टाक तिनंच गोदावरीत सोडले होते. सासू छाती बडवत होती. ही एकेक टाक मोजत होती.

"विचारायचं न्हाई, हे आमाला भगत सांगायचा," ती म्हणाली. "त्याचं बी उत्तर बराबर यायचं, अन कोंबडं त्याच्या घरी जायचं. तुमी काय न्यायला आलाव?"

"देवानंद, आईला आत पाठव."

"ओटा माझा हाय. आत कोण, बाहेर कोण, मी ठरवीन." मग ती लेकाकडं वळली. "अन तू रे? एवढं शिकून कण हाय का न्हाई, सांगता येईना? टाकात देव नव्हता म्हणून म्या बुडवले. असंल-नसंल म्हणून न्हाई."

"तू बी सरांच्याच वाणाची," देवानंद म्हणाला. "त्यांना प्रश्न नको, तुला लगेच उत्तर पाहिजे. हे आजून कोणालाच ठरवता आलं न्हाई. म्हणून तर ते प्रकरण हाय."

सरांनी चपला घातल्या. "शेवटचं विचारतो."

"प्रकरण राहील, सर."

"मग माझ्याकडे तू राहणार नाहीस." सर हमरस्त्याकडं चालू लागले.

चांगुणाबाईची मान ताठ झाली. ते देवानंदनं बघितलं.

"फुगू नको. तुझ्यासाठी न्हाई ठेवलं."

"नको ठेवू. पण दुसरा गाईड घावला न्हाई, तर आई बोलली म्हणून वाटोळं झालं, असं गावभर सांगू नको."

"ते तर सांगणारच," देवानंद म्हणाला.