पिवळ्या बसमधला वारा

पवनचक्कीचं नाव काढलं की ओनेझीम गॅलंटच्या तळपायाची आग मस्तकात जायची. गावाबाहेरच्या टेकाडावर चक्की उभी राहू नये म्हणून तो प्रत्येक सभेत भांडला. "अरे, वारा फुकट कशाला घालवायचा?" असं शेजारच्या रोझलीननं विचारलं, तर त्यानं तिच्याशी बोलणंच टाकलं. चक्की उभी राहिलीच, तर तिच्या घरघरीनं म्हणे झोप लागत नाही! घोरायचा मात्र अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा.

रोझलीन शाळेची बस चालवायची. पिवळीधमक, विजेवरची. त्यांचं गाव एका बेटावर; तिथल्या रिवाजाप्रमाणे शाळा सुटली की बस तिच्याच अंगणात उभी. गाव झोपलं तरी वारा थोडाच झोपतो? त्या वेळची चक्कीची वीज कुणालाच नको असायची. ती सगळी बस पिऊन घ्यायची.

सप्टेंबरात वादळ आलं. खांब आडवे झाले, झाडं पडून शहराचा रस्ता बंद झाला, गावाची वीज गेली. आणि एवढा वारा सुटलेला, तर चक्कीच थांबलेली! फार वाऱ्यात तिला थांबवावंच लागतं. ओनेझीमला आयतंच कोलीत मिळालं.

"बघा! वारा सुटला आणि बाईसाहेब झोपल्या!" तो कुंपणावरून ओरडला. कित्येक महिन्यांनी बोलला, तेही हे.

"आधीचा वारा बसमध्ये भरून ठेवलाय," रोझलीन म्हणाली. "बसमधून घरात वीज देता येते. हवी का?"

"तुझा वारा तुला लखलाभ!"

दार आपटून आत गेला खरा, पण जीव फ्रीझरमध्ये अडकलेला. त्यात रापूर होतं, किसलेले बटाटे आणि कोंबडी घालून भाजलेलं. त्याच्या बायकोनं, लेओनीनं, वसंतात देवाघरी जाण्याआधी केलेलं शेवटचं. भलंमोठं पातेलं भरून. ते खाववत नव्हतं आणि टाकणं तर शक्यच नव्हतं. संध्याकाळी फ्रीझरखाली पाण्याचं थारोळं दिसलं, तेव्हा म्हाताऱ्याचा ताठा उतरला. मान खाली घालून तो कुंपणाशी गेला. रोझलीन एका शब्दानं टोचून बोलली नाही. तिनं बसमधून त्याच्या घरात वायर ओढून दिली.

दुसऱ्या दिवशी तिनं हिशेब मांडला. खांब उभे राहीपर्यंत बस पुरवायची, तर विहिरीचा पंप आणि अख्ख्या आळीत एकच फ्रीझर चालेल. ओनेझीमचा सगळ्यांत लहान, कमी वीज खाणारा. तोच चालू ठेवायचं ठरलं. बाकीच्यांनी आपापलं मांस आणि शेवंडं अंगणात भाजून फस्त केली.

तेवढ्यात रोझलीनबरोबर तिची सून एलोदी ओनेझीमकडे आली. तिचं बाळ दिवस भरायच्या आधीच जन्मलेलं, शहरातल्या इस्पितळात होतं. तिच्या हातात दुधाच्या पिशव्या होत्या, स्वतःच्या अंगावरचं काढून गोठवलेल्या. रस्ता उघडला की बाळाला पोचवायच्या. तिनं फ्रीझर उघडला. आत पातेलं, आणि पातेल्याशिवाय तसूभर जागा नाही.

"असू दे काका," ती घाईघाईनं म्हणाली. रापूर कुणाचं, हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं? "मी बघते दुसरीकडे कुठे."

"कुठे बघतेस? सगळे तर बंद पडलेत!"

"काका, खरंच नको. लेओनीकाकूंचं आहे ते."

ओनेझीमनं पातेल्याच्या कडेवरून हात फिरवला. डोळे भरून आले, ते त्यानं लपवलेही नाहीत.

"तिला कळलं ना, की तुझ्या पोराच्या दुधाची जागा मी अडवून बसलो, तर वरून येऊन माझं टाळकं फोडेल. रोझलीन! उभी काय राहिलीस? लाकडाची शेगडी पेटव!"

रापूर खायला सगळे त्याच्याच ओसरीवर बसले. पहिला घास घेतला आणि ओनेझीम थांबला. संसारभर ज्या एका गोष्टीवरून त्यानं बायकोला छळलं, ती तशीच होती.

"मीठ जास्त झालंय गं," तो हळूच म्हणाला, आणि लहान पोरासारखा रडला. रोझलीननं त्याच्या पाठीवर हात ठेवला. एलोदीनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

पातेलं रिकामं झालं तसा तो उठून आत गेला. बराच वेळ येईना, म्हणून रोझलीननं डोकावून पाहिलं. म्हातारा फ्रीझरला कान लावून उभा होता.

"काय रे, काय झालं?"

"शू! घरघर नीट चाललीय ना, ते ऐकतोय."