रानापर्यंतची फेरी

काकांनी बुटांच्या नाड्या बांधल्या, सोडल्या आणि ते पुन्हा खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले.

"आता काय झालं?" काकूंनी विचारलं.

"जाऊ कुठे? फाटकाबाहेर पडलं की जरा वेळात फुटपाथ संपतो. आणि एकट्याने काय हिंडायचं? रिकामी गाडी डेपोत नेल्यासारखं वाटतं."

काकांनी उभा जन्म सिटी बस चालवली होती. जुनी वस्ती पाडली गेली तेव्हा त्यांना शहराच्या पार टोकाला, या नव्या इमारतींत घर मिळालं. बस इथवर येतच नव्हती आणि हा त्यांना स्वतःचा अपमान वाटे. बाजार लांब, दवाखाना लांब, ओळखीचं माणूस त्याहून लांब. बसून बसून वजन वाढलं आणि एका दुपारी छातीत कळ आली. त्यातून निभावलं, पण डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं होतं, रोज चाला, नाहीतर पुढच्या वेळी माझ्या हातात काही राहणार नाही. तेव्हापासून काकूंचा जीव टांगणीला लागला होता. काका घोरायचे थांबले की त्या दचकून उठत आणि घोरणं पुन्हा सुरू झालं की हायसं वाटून पडून राहत.

मोठ्या रस्त्यापलीकडे रान होतं. तिथे बांधकामाला बंदी होती म्हणून ते वाचलेलं. इमारतीतल्या प्रत्येक खिडकीतून ते दिसे, पण तिकडे कुणी फिरकत नसे, कारण तो रस्ता ओलांडणं म्हणजे जिवाशी खेळ होता.

काकूंनी चपला काढून कॅनव्हासचे बूट घातले. "मला रानापर्यंत जायचंय. मी खाली फाटकापाशी उभी राहते. गाडी येणार असेल तर येईल, नाहीतर बसेन तिथेच."

वाट बघणारा प्रवासी सोडून देणं काकांच्या रक्तातच नव्हतं. पुटपुटत का होईना, ते उतरले. मोठ्या रस्त्यापाशी त्यांनी हात आडवा धरला आणि असे काही डोळे वटारले की भरधाव येणारा ट्रकसुद्धा निमूट उभा राहिला. काकू मात्र त्यांचं मनगट घट्ट धरून, डोळे मिटूनच पलीकडे गेल्या.

हा हात आडवा धरणारा माणूस लोकांनी खिडक्यांतून पाहिला. मग एकेक जण खाली येऊ लागला. पाठ धरलेली शिलाईवाली ताई आली. साखर वाढलेले मास्तर आले. घरूनच नोकरी करणारा, ज्याला अख्खी इमारत 'हेडफोन' म्हणे, तोही आला, आणि त्याचा चेहरा उन्हात नेमका कसा दिसतो ते सगळ्यांना तेव्हा कळलं. काकांनी रीतसर थांबे ठरवले: फाटक, औषधाचं दुकान, विजेचा डबा आणि शेवटचा थांबा रान. वेळ म्हणजे वेळ; ते स्वतः सगळ्यांच्या आधी उतरून फाटकापाशी उभे राहत. मास्तरांना एकदा मोजे सापडले नाहीत, तर ते मोज्यांविनाच बूट घालून धावत आले होते.

झाडांखाली शिरलं की हवा एकदम बदले. रस्त्याचा घरघराट मागे राही. ताईचे खांदे खाली येत आणि हेडफोन कानांवरून गळ्यात येत. मास्तर कालचाच विनोद आज नव्याने सांगत आणि लोक हसतही. काकांचा रक्तदाब उतरला, मास्तरांची साखर उतरली.

"तुमच्या इमारतीने माझा दवाखाना बंद पाडायचं ठरवलंय का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काका आठवडाभर हे वाक्य सगळ्यांना ऐकवत होते.

एके सकाळी काकू फाटकापाशी वेळेवर पोचल्या नाहीत. काकांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "चला." गाडी कुणासाठी थांबत नसते. साहेबासाठी थांबली नव्हती, सख्ख्या मेव्हण्यासाठीही थांबली नव्हती.

रानात पोचल्यावर शिलाईवाली ताई घुटमळली.

"काका, काकू मागेच राहिल्या."

"येतील उद्या. वेळ पाळायला नको?"

"त्या वेळेवरच निघतात हो. लिफ्ट बंद असते ना, तर हल्ली प्रत्येक मजल्यावर थांबतात. दम लागतो त्यांना. मला म्हणाल्या, ह्यांना सांगू नकोस. कळलं तर चालणं सोडून माझ्याजवळ बसून राहतील."

 काका मास्तरांना म्हणाले, "परत येताना सगळ्यांना नीट रस्ता ओलांडून आणा." आणि ते वळले. इतक्या भराभर ते गेल्या कित्येक वर्षांत चालले नव्हते.

काकू जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसल्या होत्या.

"गेलात ना सोडून?"

"वेळ झाली होती," काका म्हणाले, आणि आपलं हे उत्तर स्वतःच्याच कानांनी ऐकून ते मनातून ओशाळले. ते त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. "दम लागतो हे मला सांगायला काय झालं होतं?"

"आत्ता कुठे तुम्ही चालायला लागलात. मला तुम्ही हवे आहात हो. मध्येच मोडता कशाला घालू?"

 काकांनी त्यांचा हात धरला आणि रिक्षा करून त्यांना तडक दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, रक्त तपासलं. रक्त फारच कमी झालं होतं. "गोळ्यांनी भरून येईल," त्या म्हणाल्या. "चालणं सोडू नका. पण तुमच्या चालीने. ह्यांच्या नाही."

दुसऱ्या दिवसापासून काकांनी आणखी एक फेरी सुरू केली, नेहमीच्या फेरीच्या बरीच आधी. हिला वेळापत्रक नव्हतं. काकू जिथे थांबतील तिथे थांबा. काका उगाच एखाद्या झाडाकडे बघत उभे राहत आणि त्यांना दम लागलाय का ते तिरक्या नजरेने पाहत. काकूंना घरी पोचवून ते पुन्हा बाकीच्यांना न्यायला येत. काही आठवड्यांत काकू औषधाच्या दुकानापर्यंत न थांबता जाऊ लागल्या आणि वाटेत काकांना टोमणेही मारू लागल्या.

एकदा मास्तरांना लवकर जाग आली. या दोघांना फाटकाबाहेर पडताना पाहून ते लगबगीने मागे धावले.

"अहो, थांबा, थांबा! मीही येतो."

काकांनी वळून पाहिलं. मग आपला कोपर काकूंच्या हाताखाली सरकवला.

"पुढच्या गाडीने या, मास्तर," ते म्हणाले. "ही भरलीय."