नामदेवकाकांचा नारळ आणि आमचं बूम

आमची कंपनी बूम बनवते. हे नाव ऐकून लोकांना फटाके आठवतात, म्हणून मी लगेच पुढचं वाक्य बोलून टाकते: जहाजातून तेल सांडलं तर ते पाण्यावर पसरू नये म्हणून त्याच्याभोवती घालायचं तरंगतं कुंपण. वर नारंगी फुगे, खाली पाण्यात लोंबणारा जाड कापडाचा पडदा आणि पडद्याच्या तळाला वजनासाठी साखळी. आमची होडी चालवणारा, शेजारच्या सारसोळे गावचा कुंदन त्याला अजगर म्हणतो. पडद्याला तो परकर म्हणतो, आणि आता आमच्या कारखान्यातही तोच शब्द चालतो.

एका मोठ्या गिऱ्हाइकाला करावे गावाच्या जेट्टीसमोर, खाडीच्या जोरदार ओहोटीत बूमची चाचणी हवी होती. चाचणीसाठी खाडीत तेल ओतता येत नाही. तेलाऐवजी तरंगणारं, दिसणारं आणि नंतर कुजून जाणारं काहीतरी सोडावं लागतं. परदेशात संत्री सोडतात. मी वाशीच्या मार्केटमधून संत्री आणायचा बेत मांडला, तर आमच्या सुधीर सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी ती घरी न्यायला निघालेय.

तेव्हा कुंदन म्हणाला, नारळी पौर्णिमेला चाचणी घ्या. पौर्णिमेची ओहोटी जोरात असते, आणि करावेकर जेट्टीच्या वरच्या अंगाला, खाडीच्या वळणावर होड्या नेऊन घरोघरचे नारळ खाडीला देतात. "तेल फुकट, मॅडम. पाहिजे तेवढं."

मी विचार केला आणि मला ते फारच आवडलं. सोललेला नारळ जवळजवळ सगळा पाण्याखाली असतो, शेंडी तेवढी वर. म्हणजे तो वाऱ्याने भरकटत नाही, प्रवाहाबरोबर जातो. संत्र्यापेक्षा चांगला. लोकांना चालेल का, असंही मी विचारलं. कुंदनने सांगितलं की नारळ सोडले की सगळी मिरवणूक वाजतगाजत गावात जाते, मागे वळून कोणी बघत नाही. आपण जेट्टीच्या आडोशाला नारळ अडवू, मोजू आणि सोडून देऊ. खाडीला तासभर उशिरा पोचले तर खाडी काय तक्रार करणार आहे?

इथपर्यंत सगळं शास्त्रीय होतं.

आदल्या दिवशी आम्ही बूम जोडत होतो, तेव्हा करावेची एक मुलगी जेट्टीवर आली. भाविका तिचं नाव. वाशीला एका ऑफिसात नोकरी करते. तिने परकराची खोली विचारली, साखळीचं वजन विचारलं आणि मग विचारलं की वळणावरून सोडलेली वस्तू नेमकी जेट्टीच्या पायऱ्यांशी यायला बूम किती तिरकं लावावं लागेल.

बूम बघायला येणारे लोक सहसा त्याची किंमत विचारतात किंवा त्याच्यासोबत सेल्फी काढतात. पायऱ्यांशी आणायचा कोन कोणी विचारत नाही. मी कुंदनकडे पाहिलं. कुंदन दोराची बांधलेली गाठ सोडून पुन्हा बांधत होता.

मग दोघांनी मिळून सांगितलं. दोघांना लग्न करायचं होतं. भाविकाचे वडील, नामदेवकाका, नाही म्हणत होते, कारण मुलगा सारसोळ्याचा. काकांच्या वडिलांच्या काळात दोन गावांत खाडीत जाळी बांधायच्या खुंटांवरून भांडण झालं होतं. कुठला खुंट कोणी सरकवला, हे आता कोणालाच माहीत नव्हतं, पण सरकवला होता हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. घरात फारच तगादा सुरू झाला तेव्हा काकांनी चार माणसांसमोर जाहीर केलं की आपण खाडीलाच विचारू. मी ओहोटीला नारळ देईन. तो जेट्टीच्या पायऱ्यांना परत लागला, तर पोर दिली. असं म्हणून ते पोटभर हसले होते. ओहोटीला दिलेला नारळ परत आलेला करावेत कोणी पाहिला नव्हता.

"मंग तुमचं ते बूम आलं," कुंदन म्हणाला.

मी रागवायला हवं होतं. पण मला आधी कोन काढावासा वाटला. गंमत अशी आहे की बूम प्रवाहाला आडवं लावलं तर ते फारसं काही अडवत नाही. सावकाश चालणाऱ्या माणसाच्या निम्म्या वेगाने पाणी वाहू लागलं की तेल परकराखालून निसटतं. त्यामुळे जोरदार प्रवाहात बूम तिरकं लावतात. तेल त्याच्या कडेकडेने घसरत जातं आणि काठाशी, शांत पाण्यात, गोळा होतं. म्हणजे तिरकं लावावंच लागणार होतं. प्रश्न फक्त कुठल्या काठाकडे, एवढाच. समोरच्या बाजूला तिवरं होती आणि चिखल होता. करावेच्या बाजूला, पायऱ्यांपाशी, पाणी शांत होतं. माझ्याकडे भक्कम शास्त्रीय कारण होतं. ते आधी सापडलं की भाविकाचं ऐकल्यावर, हे मी तपासलं नाही.

काकांनी उद्या हा नारळ माझा नव्हेच म्हटलं तर काय, ही शंका मी काढली. नारळाला गुंडाळतात तो सोनेरी कागद पाण्यात सुटून जातो. भाविका म्हणाली, त्याची सोय केलीय. होडीवर नाव रंगवायला आणलेला सोनेरी ऑइलपेंट घरात होता. बाबांना तो नारळ फार आवडलाय, म्हणाली.

पौर्णिमेच्या दुपारी भरती उलटली तेव्हा बूम लागलेलं होतं. वरचं टोक खाडीच्या मध्यात नांगरलेलं, खालचं टोक पायऱ्यांच्या पुढच्या खांबाला. सुधीर सर गिऱ्हाइकाच्या दोन साहेबांना घेऊन होडीत बसले होते. मी आणि कुंदन जेट्टीवर. बँड आला, पालखीसारखा सजवलेला गावाचा नारळ आला, हिरव्या साड्यांतल्या बायका आल्या. नामदेवकाका पांढऱ्या शर्टात, हातात सोन्यासारखा नारळ धरून, लग्नाला निघाल्यासारखे होडीत चढले. आमच्या बूमकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि कंपन्यांची कामं सणालाही थांबत नाहीत, असं काहीसं शेजाऱ्याला म्हणाले.

होड्या वळणावर गेल्या, नारळ सोडले, होड्या परत आल्या. आता मिरवणूक गावात जायची होती. ती गेली नाही. त्या वर्षी मंडळाने जेट्टीवरच पाहुण्यांचे सत्कार ठेवले होते. शाल, नारळ, भाषण. मग पुढचे पाहुणे. शाल, नारळ, भाषण. अख्खं गाव खाडीकडे तोंड करून उभं होतं.

मी कुंदनकडे पाहिलं. आमच्या दोघांच्याही डोक्यात एकच गोष्ट एकाच वेळी आली. आम्हाला पायऱ्यांशी एक नारळ आणायचा होता. बूमला त्यातलं काही माहीत नव्हतं. कुठला नारळ कोणाचा, हे ते बघत नाही. मी नारळांकडे तेल म्हणून बघत होते आणि कुंदन त्यांतल्या एकाकडेच बघत होता. ही चूक करायला एक तर प्रयोगात बुडालेलं असावं लागतं, नाहीतर प्रेमात.

पहिली शेंडी बूमला टेकली. मग दुसरी. मग घोळकाच आला. प्रवाह मी धरला होता त्याहून जोरात होता, आणि मान्य करायला हवं, दृश्य सुंदर होतं. एकही नारळ परकराखाली गेला नाही. सगळे नारंगी फुग्यांच्या कडेकडेने रांगेत घसरत, एकमेकांना ढोसत, करावेच्या जेट्टीकडे परत येत होते.

भाषण थांबलं. बँडवाल्यांपैकी फक्त ताशेवाला वाजवत राहिला, मग तोही थांबला. पायऱ्यांना नारळ लागले, टक्, टक्, टक्. त्या शांततेत आमच्या होडीतून टाळ्यांचा आवाज आला. गिऱ्हाइकाचे साहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि सुधीर सर वाकून धन्यवाद देत होते.

गावातलं कोणी टाळ्या वाजवत नव्हतं. वर्षभराच्या होड्या, घर, पोरंबाळं, सगळ्यांसाठी दिलेला नारळ खाडीने नाकारला, असं ते चित्र दिसत होतं. बायका आपापल्या नारळाच्या खुणा ओळखू लागल्या: कोणाचा लाल दोरा, कोणाचं गोंड्याचं फूल. सगळ्यांत शेवटी, जणू मुद्दाम उशीर करून, सोनेरी नारळ आला आणि खालच्या पायरीला टेकून गोल गोल फिरत राहिला.

आधी बोलल्या त्या गोजराआजी, नामदेवकाकांची आई. काठी टेकत त्या पायऱ्यांच्या तोंडाशी आल्या.

"नामा, तू काय बोलला व्हतास? नारल पायरीला लागला त पोर दिली. लागला ना?"

काकांचा चेहरा नारळासारखाच चमकत होता, पण घामाने. "आय, सगल्यांचेच लागलेत. मंग काय, सगल्या गावानं सारसोल्यात पोरी द्यायच्या?"

कोणीतरी हसलं. तणाव जरा सैल झाला.

"एकटाच येल असं बोलला व्हतास का?" आजींनी विचारलं.

काका खाडीकडे वळले. ते बूमकडे बघत होते. टोकापासून टोकापर्यंत त्यांनी नजर फिरवली, मधला नांगर, तिरकी रेषा, खांबाची गाठ. मग ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"मॅडम, खरं सांगा. ह्यो अजगर काय करतो?"

खोटं बोलायचं ठरवलं असतं तरी मला जमलं नसतं. उत्तर फारच सोपं होतं. "काका, हे काही अडवत नाही. वाहत आलेली वस्तू, लावणाऱ्याला हवी तिकडे वळवतं."

"लावनारा कोन?"

मी तोंड उघडायच्या आत कुंदनने हात वर केला, शाळेत करतात तसा. "मी, काका."

काकांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. भाविका आजींच्या मागे उभी होती आणि आजींचा पदर तिने घट्ट धरला होता. आदल्या दिवशीचा तिचा तोरा पार उतरला होता. तिच्या लग्नाचा निकाल आता खाडीकडे नव्हता, या एका माणसाकडे होता, आणि त्याला गावासमोर फसवलेलं होतं.

"सारसोल्याची मानसं," काका गावाकडे वळून म्हणाले. "माज्या बापाच्या टायमाला खुंट सरकवायचे. आता नारल सरकवतात."

यावर मात्र गाव मोकळेपणाने हसलं. काकांनी हात वर करून हसू थांबवलं आणि निकाल दिला. ओहोटी अजून आहे. सगळे नारळ होडीत भरायचे, जेट्टीच्या खालच्या अंगाला, जिथे हा अजगर पोचत नाही तिथे न्यायचे, आणि ज्या घरचा नारळ त्या घरचं नाव घेऊन, हात जोडून, एकेक परत सोडायचा. काका स्वतः होडीत बसून ऐकणार. एक जरी नाव चुकलं, तर पोरीचं नाव विसरायचं.

कुंदनला करावेतली धड दोन घरं माहीत नव्हती. तो पायऱ्यांवर बसला, एक ओला नारळ उचलला आणि जमलेल्या बायकांना विचारू लागला, हा कोणाचा?

सरळ उत्तर त्याला कोणी दिलं नाही. लाल दोऱ्यावालीने आधी त्याच्या आईचं माहेर विचारलं. गोंड्याच्या फुलावालीने विचारलं की कोलंबी साफ करता येते का, आणि येते म्हटल्यावर, नवऱ्याकडे बघत, हे ऐक असं म्हणाली. एकीने दुसरीचा नारळ आपला सांगून त्याला फसवलं आणि मग दया येऊन खरं सांगितलं. तो प्रत्येक घराचं नाव पुटपुटत पाठ करत होता. पाणी उतरत होतं, पायऱ्या उघड्या पडत होत्या. अर्धे नारळ होडीत गेले तोवर बायका त्याला जावयबापू म्हणू लागल्या होत्या. नामदेवकाकांना ते ऐकू येत नव्हतं. त्यांना आज बरंच काही ऐकू येत नव्हतं.

शेवटी सोनेरी नारळ उरला. कुंदन खाली उतरला, दोन्ही हातांनी तो उचलला आणि काकांसमोर धरला. "हा कोणाच्या नावानं सोडू, काका?"

काकांनी नारळ त्याच्या हातातून काढून घेतला आणि बगलेत मारला.

"ह्यो र्‍हाऊ दे. घरी नेतो. चल, होडी काढ. नावं इसरायच्या आत."

आजींनी काठी जमिनीवर एकदा आपटली. बँडवाल्यांना काय झालं ते कळलं नव्हतं, पण त्यांनी वाजवायला सुरुवात केली. होडी खालच्या अंगाला निघाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की काकांच्या पांढऱ्या शर्टावर, बगलेपासून कमरेपर्यंत, सोनेरी पट्टा उमटला होता. भाविकाचा ऑइलपेंट वाळलाच नव्हता.

मी पायऱ्यांवर जाऊन वाकून पाहिलं. जिथे तो नारळ फिरत होता, तिथे पाण्यावर एक पातळ, इंद्रधनुष्याच्या रंगांचा तवंग पसरला होता, हातरुमालाएवढा. बूमच्या कडेपर्यंत येऊन तो थांबला होता. पलीकडच्या पाण्यावर काहीही नव्हतं. पूर्ण चाचणीत खरं तेल एवढंच सांडलं होतं, आणि ते आमच्या बूमने नीट धरून ठेवलं होतं. शोषक कापडाचा एक तुकडा टाकून मी ते पुसून घेतलं.

अहवाल वाचताना सुधीर सरांनी विचारलं, अडवलेले सगळे नारळ परत सोडले म्हणतेस, मग एक कमी कसा? मी खाली टीप लिहिली: एक नमुना मालकाने ठेवून घेतला. गिऱ्हाइकाने त्याबद्दल काही विचारलं नाही.